ज्याचं बिल, त्याची जबाबदारी



या मालिकेत बोलाल का, असं मला विचारलं गेलं तेव्हा आयोजकांना वाटलं असावं, की निवृत्त कर्नल म्हणजे सीमेवरच्या गोष्टी सांगणार. मी म्हटलं, मला माझ्या घरातल्या फरशीबद्दल बोलायचं आहे. फोनवर पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. मग ते म्हणाले, "बोला सर, काही हरकत नाही."

तर आज फरशीची गोष्ट.

माझं मूळ गाव सातारा जिल्ह्यात. नोकरी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये. म्हणजे शिधा, इंधन, गाड्या. सैन्याला जे लागतं ते वेळेवर आणि चांगल्या प्रतीचं पोचवणं हे आमचं काम. तीस वर्षं मी माल मोजला, तपासला, नमुने सीलबंद केले आणि मग सही केली. आट्याचं पोतं कमी भरलं तर ट्रक परत पाठवणारा माणूस मी. निवृत्तीनंतर आम्ही डेहराडूनला घर घेतलं. तळमजला, पुढे छोटी बाग, जमिनीला जुनं मोझेक.

आई आमच्याबरोबर असते. त्या वेळी तिचं वय ८७. वॉकर घेऊन चालते. डेहराडूनच्या थंडीत मोझेकवर पाय ठेवला की डोक्यापर्यंत कळ जाते, असं ती म्हणायची. म्हणून ठरवलं, की हॉल, पॅसेज, आईची खोली आणि आमची खोली, सगळीकडे लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट घालून घ्यायचं.

गावातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. दुकानाचं नाव सांगणार नाही, कारण माझं भांडण मिटलेलं आहे. मालकांना सगळं स्पष्ट सांगितलं: तळमजला आहे, इथला पाऊस तुम्हाला माहीत आहे, घरात वॉकर चालणार आहे. हेच नंतर व्हॉट्सॲपवरही लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, "बिलकुल चलेगा साहब, दस साल की वॉरंटी है." ते दोन ओळींचं उत्तर पुढे फार कामाला आलं.

हिशेब असा होता. ६४० चौरस फूट माल, १४० रुपये दराने ८९,६०० रुपये. खालचा फोम आणि फिटिंग मिळून फुटाला ३० रुपये, म्हणजे १९,२००. कडेचं स्कर्टिंग आणि दारातल्या पट्ट्या ११,२००. एकूण १,२०,००० रुपये, करासकट. सगळं एकाच बिलावर. मालक म्हणत होते, फिटिंगचे पैसे मिस्त्रीला वेगळे द्या, बिलात कशाला घालता. मी म्हटलं, नाही, बिलातच घ्या. इतकी वर्षं कागद सांभाळल्याची ती सवय. पण माल आला त्या दिवशी मी माझीच सवय मोडली. चलनावर छापलं होतं, "माल तपासून सुस्थितीत मिळाला." एकही खोका न उघडता मी सही केली. घरचं काम आहे, पोरगा टेम्पो घेऊन खोळंबलाय, असं म्हणून केली. ज्याने आट्याचे ट्रक परत पाठवले त्याने.

फेब्रुवारी २०२३ मध्ये काम झालं. मिस्त्री सहारनपूरचा तरुण मुलगा होता. सहारनपूरचं लाकूडकाम प्रसिद्ध आहे, आणि हा त्याच मातीतला. खोके आणून त्याने तीन दिवस हॉलमध्ये नुसते पडून ठेवले. मी विचारलं, कशाला वेळ घालवतोस? म्हणाला, "साहब, इसको पहले घर की हवा लगने दो." पत्नीने त्या खोक्यांच्या ढिगाऱ्यासमोर आईचा फोटो काढून मुलीला पाठवला होता. तो फोटो लक्षात ठेवा.

मे महिन्यात आईच्या खोलीत पहिला पापुद्रा सुटला. मग पॅसेजमध्ये. मग हॉलमध्ये सात-आठ ठिकाणी. पट्टीच्या मधोमध फुगवटा यायचा, तो फुटायचा आणि वरचा चित्राचा थर नखाने उचलता येईल असा उभा राहायचा. त्यात आईच्या वॉकरचा पाय अडकायला लागला. एकदा ती पडता पडता वाचली. त्यानंतर तिने ठरवून टाकलं, की खोलीबाहेर जायचं नाही. रोज सकाळी बागेकडच्या दारापर्यंत चालणारी बाई पलंगावर बसून राहिली. मला दीड लाख, दोन लाख यांपेक्षा हे जास्त लागलं. थंडी लागू नये म्हणून तिच्यासाठी जमीन घातली, आणि त्याच जमिनीने तिला खोलीत कोंडलं.

मग माझी लढाई सुरू झाली. आणि सांगायला हवं, सुरुवात अतिशय वाईट झाली.

मी फोन केले. रागावलो. "मैं कर्नल बोल रहा हूँ," असंही म्हणालो. त्याचा परिणाम शून्य. दोन महिने मी फोनवर ओरडत होतो आणि माझ्या हातात कागदाचा एक कपटाही नव्हता. शेवटी मालक स्वतः येऊन पाहून गेले. त्यांनी तीन कारणं सांगितली. एक, डेहराडूनची ओल. दोन, तुम्ही ओल्या फडक्याने पुसत असाल. हे ऐकून माझी पत्नी जे काही बोलली ते मी इथे सांगत नाही. आणि तीन, मिस्त्रीने फिटिंग बिघडवलं, आणि मिस्त्री आमचा नोकर नाही, तो बाहेरचा आहे. मग म्हणाले, कंपनीशी बोला, आम्ही फक्त विकतो. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं, विक्रेत्याशी संपर्क साधा. हे दोन्ही दरवाजे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि ग्राहक मधल्या व्हरांड्यात फेऱ्या मारतो.

ऑगस्टमध्ये मालकांनी चहाला बोलावलं. फार गोड बोलले. म्हणाले, "कर्नल साहब, आप लिखकर दे दीजिए कि मिस्त्री ने काम खराब किया. चालीस हजार आपको दिलवा देता हूँ." मी विचारलं, हे चाळीस हजार कुठून येणार? तेव्हा कळलं, की त्या मुलाचे आधीच्या कामांचे अठ्ठावीस हजार दुकानाकडे बाकी होते. ते कापून घ्यायचे आणि वर थोडे घालायचे. कागद तयार होता. फक्त माझी सही हवी होती.

मंडळी, मी तिथेच तो कागद फाडला असं सांगितलं असतं तर गोष्ट छान झाली असती. पण मी कागद खिशात घालून घरी आलो. दोन दिवस तो माझ्या टेबलावर होता. आईची खोली लगेच दुरुस्त करता आली असती. आणि खरं म्हणजे मला माहीत कुठे होतं, की मिस्त्रीची चूक नाहीच? असेलही. मी काही सुतार नाही.

मग वाटलं, सही करायची की नाही हा प्रश्न नंतरचा. आधी माल तपासू. फेब्रुवारीत जे करायला हवं होतं ते आता करू.

थोडा अभ्यास केला. लॅमिनेटच्या पट्टीत चार थर असतात. सगळ्यात वर पारदर्शक कडक थर, त्याखाली लाकडाचं चित्र छापलेला कागद, मधे लाकडाचे तंतू दाबून केलेला जाड गाभा आणि खाली तोल सांभाळणारा थर. पाणी हा त्या गाभ्याचा शत्रू. पण पाण्याने झालेली खराबी आणि इतर खराबी वेगळी दिसते. वरून पाणी मुरलं तर ते सांध्यातून मुरतं, म्हणून आधी सांध्याच्या कडा फुगतात. खालून ओल आली तर पट्टी वाकते, तिची खालची बाजू फुगते, फोम ओला लागतो, वास येतो. आणि मिस्त्रीने भिंतीकडे जागा सोडली नसेल, तर लाकूड प्रसरण पावल्यावर पट्ट्या एकमेकींना ढकलतात आणि जमीन तंबूसारखी मधे वर येते. भिंतीलगत साधारण ८ ते १० मिलिमीटर जागा सोडावी लागते. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते, म्हणून आपल्याला दिसत नाही.

मिस्त्रीला फोन केला. त्याला वाटलं मी शिव्या देणार. तरी तो आला. मी त्याला दुकानाचा कागद दाखवला नाही. म्हटलं, स्कर्टिंग काढून दाखव. त्याने चारही भिंतींकडचं स्कर्टिंग काढलं. मी पट्टी लावून मोजलं आणि प्रत्येक ठिकाणी पट्टीसकट फोटो काढला. सगळीकडे १० मिलिमीटर, दोन ठिकाणी ११. मग त्याने पॅसेजची एक ओळ उचलली. फोम कोरडा. खाली मोझेक कोरडं. मोझेकवर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवला. ओल असेल तर प्लॅस्टिकच्या आत दव धरतं. एक थेंब नव्हता. आणि हे सप्टेंबरच्या सुरुवातीला, पाऊस चालू असताना.

फडक्याचं म्हणाल, तर आईच्या पलंगाखाली आणि कपाटाखाली कोण फडकं मारतं? तिथेही पापुद्रे सुटले होते. आणि सगळे सांधे मात्र घट्ट. सुटला होता तो मधला भाग.

पण सगळ्यात मोठा पुरावा माझ्या पत्नीने दिला. फौजी घरातल्या बायका रिकामे खोके कधी फेकत नाहीत. बदलीचा हुकूम कधी येईल सांगता येत नाही, तेव्हा भांडी कशात बांधायची? निवृत्तीला इतकी वर्षं झाली तरी आमच्या स्टोअरमध्ये काळ्या ट्रंकांवर रिकाम्या खोक्यांची चळत असते. यावरून मी तिची आयुष्यभर थट्टा केली. त्या दिवशी ती म्हणाली, "अहो, फरशीचे खोके आहेत माझ्याकडे." मी स्टोअरमध्ये गेलो. एकतीस खोके घडी करून दोरीने बांधलेले. आणि एक न उघडलेला, शिल्लक राहिलेला.

प्रत्येक खोक्यावर बॅचचा क्रमांक छापलेला असतो. आम्ही दोघं जमिनीवर बसून क्रमांक लावायला लागलो. बॅच दोन निघाल्या. एका बॅचचे बावीस खोके, शिल्लक धरून, आणि दुसरीचे दहा. मिस्त्री म्हणाला, "साहब, आप का कमरा आखिरी में किया था, उसमें दूसरा माल लगा था." पट्ट्यांच्या पाठीवरही क्रमांक होता. आमच्या खोलीतली एक आणि आईच्या खोलीतली एक पट्टी काढून ताडून पाहिलं.

आता विचार करा. एकच घर, एकच तळमजला, एकच हवा. एकच मिस्त्री, एकच फोम. एकच बाई पुसणारी आणि एकच फडकं. आमच्या खोलीत दुसऱ्या बॅचचा माल, तिथे सहा महिन्यांत एकही पापुद्रा नाही. बाकी सगळीकडे पहिल्या बॅचचा, आणि सगळीकडे तीच खराबी. ओल असती तर ती बॅच क्रमांक वाचून आत शिरली असती का?

त्या संध्याकाळी मी दुकानाचा कागद कपाटात ठेवून दिला. सही केली नाही.

सैन्यात आम्हाला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट शिकवतात. काम खालच्या माणसाला देता येतं, जबाबदारी देता येत नाही. माझ्या युनिटमधल्या जवानाने चुकीचा साठा उघडला, तर वरिष्ठांसमोर मी उभा राहायचो, जवान नाही. दुकानाने माझ्याकडून पैसे घेतले, बिल दिलं, बिलात फिटिंग लिहिलं. मिस्त्री त्यांनी पाठवला. माल त्यांनी निवडला. मग माझ्यापुढे जबाबदार तेच. त्यांनी पुढे कंपनीकडून वसूल करावं, तो त्यांचा हक्क आहे. पण मला त्या रांगेत उभं करू नये. आणि रांगेतल्या सगळ्यात गरीब माणसाच्या खिशातून माझी भरपाई काढू नये.

आता लढाई कागदावर सुरू केली.

पहिलं पत्र स्पीड पोस्टने दुकानाला आणि कंपनीला. त्यात तारीखवार हकिकत, फोटो, मोजमाप, बॅच क्रमांक. शेवटी लिहिलं, की न उघडलेला खोका अमुक दिवशी सकाळी अकरा वाजता माझ्या घरी उघडला जाईल, आपला प्रतिनिधी पाठवावा. कोणी आलं नाही. शेजारचे एक निवृत्त मुख्याध्यापक आणि एक बँक अधिकारी यांना साक्षीला बसवलं. मोबाइलवर सलग चित्रीकरण: आधी खोक्याचं लेबल, मग न फाटलेली चिकटपट्टी, मग कापणं, मग एकेक पट्टी. आठ पट्ट्यांपैकी पाचांवर वरचा थर मधे सुटलेला होता. या पट्ट्यांवर ना कोणी चाललं होतं, ना फडकं फिरलं होतं, ना मिस्त्रीचा हात लागला होता. साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. तीन पट्ट्या पुन्हा गुंडाळून, सह्या करून सीलबंद ठेवल्या. हे मात्र मला झोपेतही करता येतं.

दरम्यान राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ या क्रमांकाला फोन करून तक्रार नोंदवली. ही सेवा तक्रार समोरच्या कंपनीपर्यंत पोचवते आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. आमचं मिटलं नाही. पंधरा दिवसांची नोटीस दिली. उत्तर एकदाच आलं, आणि तेही बिलावरच्या छापील ओळीचं: "बेचा हुआ माल वापस नहीं होगा."

ही ओळ आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. ती वाचून निम्मे लोक घरी जातात. पण २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो जुलै २०२० पासून लागू झाला, तो काय म्हणतो? दोष असलेला माल ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तीस दिवस उलटले म्हणून सगळं संपत नाही. मालातला दोष आणि सेवेतली त्रुटी यांबद्दल ग्राहक आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. १९३० चा माल विक्री कायदाही एक गोष्ट सांगतो. ग्राहकाने आपली गरज सांगितली आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर माल त्या गरजेला योग्य असला पाहिजे, ही अट न लिहिताही त्या सौद्यात असते. माझं ते व्हॉट्सॲप आठवतं ना? तळमजला, पाऊस, वॉकर. "बिलकुल चलेगा साहब."

नोव्हेंबर २०२३ मध्ये जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. त्या वेळी ई-दाखिल या पोर्टलवरून केली. आता, १ जानेवारी २०२५ पासून, ई-जागृती हे पोर्टल आहे. माल किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जायचं. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. वकील असलाच पाहिजे असं नाही. मी स्वतःच मांडलं.

आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी एक महत्त्वाची सोय. नव्या कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता, तिथल्या आयोगात तक्रार करता येते. तुम्ही भोपाळला राहता आणि फर्निचर पुण्याहून मागवलं, तर दाद मागायला पुण्याला खेटे घालायची गरज नाही. परक्या गावात आपलं कोण ऐकणार, असा एक संकोच आपल्यात असतो. मलाही होता. आयोगापुढे कोणी मला माझं गाव विचारलं नाही. कागद विचारले.

तक्रारीत दुकान आणि कंपनी दोघांनाही प्रतिपक्ष केलं. हे जरूर करा. एकालाच केलं, तर तो गैरहजर माणसाकडे बोट दाखवतो. मिस्त्रीला प्रतिपक्ष केलं नाही. मागणी साधी ठेवली: १,२०,००० परत, खराब माल त्यांच्या खर्चाने काढणं, त्रासाबद्दल २५,००० आणि तक्रारीचा खर्च. काही मित्र म्हणाले, दहा लाख माग, मग खाली येता येईल. मी म्हटलं, वाढवून मागितलं की खरी मागणीही खोटी वाटायला लागते.

नोटीस मिळाल्यावर उत्तर द्यायला समोरच्याला तीस दिवस मिळतात, आणि फार तर आणखी पंधरा. त्यापुढे नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही पंचेचाळीस दिवसांची मर्यादा पक्की केली, जुन्या कायद्याखालच्या प्रकरणात. दोघांची उत्तरं आली. दुकान म्हणालं ओल आणि मिस्त्री. कंपनी म्हणाली ओल आणि फिटिंग. आणि दोघांनी माझी चलनावरची सही पुढे केली: माल सुस्थितीत मिळाला, असं कर्नलसाहेबांनी स्वतः लिहून दिलं आहे. ती सही पाहताना मान खाली गेली. मी उत्तर दिलं, की सही माझी आहे, खोके बंद होते, आणि दोष आतला होता, जो महिन्यांनी वर आला. पण हे सांगायची वेळ आली, कारण मी पेन काढायला घाई केली.

मी एक अर्ज केला. कायद्यात अशी तरतूद आहे, की दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग सीलबंद नमुना योग्य प्रयोगशाळेत पाठवू शकतो. फी तक्रारदाराने भरायची. मी म्हटलं, भरतो. दोन्ही बॅचचे नमुने पाठवा. या अर्जानंतर वारं बदललं. कंपनीचे वकील म्हणाले, मध्यस्थीने मिटवता येईल का बघू. आयोगाने दोन्ही बाजूंची लेखी संमती घेऊन प्रकरण मध्यस्थी कक्षाकडे पाठवलं.

जुलै २०२४. एका खोलीत आम्ही बसलो. दुकानाचे मालक, कंपनीचा माणूस, मध्यस्थ आणि मी. पैशांचं अर्ध्या तासात ठरलं. १,२०,००० पूर्ण, तीस दिवसांत. माल काढून नेण्याचा खर्च त्यांचा. त्रासाचे २५,००० मी सोडले. कोणी किती भरायचे हे दुकानाने आणि कंपनीने आपसात ठरवलं, जे ते वर्षभर आधीच करू शकले असते.

मग मी म्हटलं, आणखी एक ओळ लिहायची आहे: "फिटिंगच्या कामात दोष आढळलेला नाही."

त्या एका ओळीवर दीड तास गेला. दुकानदार म्हणाले, पैसे मिळाले ना तुम्हाला, मग हे कशाला? मी म्हटलं, गेल्या वर्षी तुम्ही माझ्याकडून याच्या उलट ओळ लिहून मागत होतात. तुमच्या लेखी तिची किंमत चाळीस हजार होती. आज मी तर फुकट मागतोय. कंपनीच्या माणसाला हसू आलं. शेवटी ओळ लिहिली गेली. समझोता आयोगापुढे गेला, त्याप्रमाणे आदेश झाला आणि पैसे सव्विसाव्या दिवशी आले. न येते तर? आयोगाचा आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५,००० ते एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ते वेळ न येताच निभावलं.

त्या मुलाला मी आदेशाची झेरॉक्स दिली. त्याने घडी करून पाकिटात ठेवली. दुकानाने त्याला काम देणं कधीच बंद केलं होतं. अठ्ठावीसपैकी अठरा हजार मिळाले, दहा बुडाले. ते मी मिळवून देऊ शकलो नाही. आता तो स्वतःची कामं घेतो. परवा फोन आला होता. नवीन गिऱ्हाईक विचारत होतं, तुझ्याबद्दल काही तक्रार ऐकली होती. त्याने कागद दाखवला आणि काम मिळालं.

जाता जाता हाताशी राहतील अशा चार गोष्टी सांगतो.

एक, माल आणि बसवण्याचं काम एकाच बिलावर घ्या. वेगळं केलंत की जबाबदारीचे तुकडे होतात.

दोन, खोका उघडल्याशिवाय सुस्थितीची सही करू नका. करावीच लागली तर हाताने लिहा, "खोके बंद, आतला माल तपासलेला नाही." या सहा शब्दांनी माझी मान खाली गेली नसती.

तीन, बॅच क्रमांकाचे फोटो काढा आणि एक खोका शिल्लक ठेवा. पत्नीने खोके जमवले तर थट्टा करू नका. आणि हो, आईचा तो फोटो. त्यात खोके तीन दिवस हॉलमध्ये पडून असल्याची तारीख होती. मिस्त्रीने माल घाईने बसवला, हा आरोप त्या फोटोने संपला.

चार, रागाच्या पहिल्या दिवशी फोन करू नका, पत्र लिहा. तोंडी नकाराला लेखी मागा. लेखी नकार हा तुमचा सगळ्यात चांगला पुरावा असतो.

आपल्याला हे नवीन नसावं. ग्राहक पंचायतीचं काम १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी सुरू केलं, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. देशात ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा त्यानंतर, १९८६ मध्ये आला. मराठी माणसांनी हे बी लावलं आहे. मी मात्र साठी ओलांडल्यावर, स्वतःच्या घरची फरशी उखडल्यावर त्याच्या सावलीला गेलो.

नवीन फरशी कोणती घातली, असं लोक विचारतात. काहीच नाही. पट्ट्या काढल्यावर खालचं मोझेक घासून घेतलं आणि आईच्या वाटेवर जाड, न सरकणारी जाजमं चिकटवून टाकली. तिला लोकरी मोजे आणले. पहिल्या दिवशी ती वॉकर घेऊन खोलीच्या दारात थांबली, खाली बघितलं आणि मला विचारलं, "आता हे तरी नीट तपासून घेतलंस ना?"

म्हटलं, "हो आई. या वेळी आधी तपासलं."

मग ती बागेकडच्या दारापर्यंत गेली.

जय हिंद.